कामरेजवर फिल्म करायची तर

कामरेजबद्दल आजवर ज्यांनी ज्यांनी लिहिलं, ते सगळे दुसऱ्याच कामाला निघालेले होते. पहिल्या शतकातला, इजिप्तकडचा ग्रीक बोलणारा एक व्यापारी भरूचच्या बंदराची वाट सांगतो आणि जाता जाता बजावतो, की खाडीच्या तोंडाशी लांबट, खडकाळ उथळ जागा आहे, तिच्यासमोर कम्मोनी नावाचं गाव. त्याच्या ‘पेरिप्लस’ या पुस्तकातलं हे कम्मोनी म्हणजे सुरतेजवळचं, तापीकाठचं कामरेज, असं बरेच अभ्यासक मानतात. गावात कोण राहतं, काय पिकतं, याची त्या गृहस्थाला फिकीर नाही. जहाज खडकावर आपटू नये, एवढंच त्याला हवं. पुढे सातव्या शतकातल्या चालुक्यांच्या ताम्रपटात ‘कार्मणेय आहार’ येतो, तोही दान दिलेली जमीन कुठल्या मुलखात आहे हे सांगण्यापुरता.

सुरतेतल्या उधन्याचा एक मुलगा कामरेजवर वीस मिनिटांची डॉक्युमेंटरी करतोय. घरचे धुळ्याकडचे, आजोबा लूम चालवायला सुरतेत आलेले. मी बडोद्याची, जन्म मोडी कागद वाचण्यात गेलेला, म्हणून कोणीतरी त्याला माझ्याकडे धाडलं. “मावशी, आपला मराठ्यांचा भाग मोठा करू,” म्हणाला. करावा की. १७१९ साली पिलाजीराव गायकवाडांनी सोनगड घेतला आणि तिथून सुरत अठ्ठाविशीवर, म्हणजे सुरतेभोवतीच्या परगण्यांवर, हात बसवला. इंग्रजांच्या सुरत जिल्ह्याला खेटून बडोद्याचा नवसारी प्रांत, आणि त्यात कामरेज. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत हा गायकवाडी मुलूख होता. पण त्या काळचं दप्तर म्हणजे वसूल, बाकी, जमाखर्च. त्यात घोडदौड शोधणाऱ्याने निराश व्हायची तयारी ठेवावी. १८८३ सालचं एलियट यांचं बडोद्याचं गॅझेटियर घ्या, नाहीतर गोविंदभाई देसाई आणि क्लार्क यांचं १९२३ सालचं. दोन्ही कामाची पुस्तकं, मी ती कितीदा उघडली असतील. पण गावाकडे बघतात ती कचेरीच्या खिडकीतून. सुरतेचं नशीब वेगळं. तिला नर्मदसारखा घरचा माणूस भेटला, त्याने तिची मुख्तसर हकीगत लिहिली. कामरेजच्या वाट्याला तसा नर्मद आला असता तर!

आणि गंमत अशी, की खेड्यात पुस्तक आणि पडदा दोन्ही पोचवायची कल्पना याच बडोदे राज्यात निघाली. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय, म्हणून ग्रंथालय खात्यातच दृश्यशिक्षणाची शाखा निघाली: सिनेमाटोग्राफ, मॅजिक लँटर्नच्या काचा, स्टिरिओस्कोप. खेड्यात फुकट खेळ. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके त्याच सुमाराला मुंबईत कुंडीतला वाटाणा रुजताना चित्रित करत होते, आमच्या सुरुवातीच्या माहितीपटांपैकीच एक म्हणा ना! बडोद्याच्या या कामाचा मला अभिमान आहे, त्यावर जनार्दन सखाराम कुडाळकरांनी १९१९ साली पुस्तकही लिहिलं. पण योजनेत गाव होतं ते प्रेक्षक म्हणून. जग गावाला दाखवायचं. गावाचं काही जगाला दाखवण्यासारखं असेल, हा विचार तिच्यात मला कुठे सापडत नाही.

मुलाने ड्रोनने घेतलेली तापी मला मोबाइलवर दाखवली. संथ, रुंद, काठोकाठ. “इथेच जहाजं यायची,” असं निवेदन त्याने त्यावर घातलं होतं. मी म्हटलं, ही नदी ती नव्हे रे बाबा. वर उकाईचं धरण आहे, खाली सुरतेत सिंगणपोरचा बंधारा. समुद्राचं भरतीचं पाणी त्या बंधाऱ्याशी अडतं आणि वरचं गोडं पाणी साचून राहतं. तू दाखवतोस तो शहराला पाणी पुरवणारा तलाव. निवेदनात दोन हजार वर्षं आणि चित्रात नव्वदीनंतरचा बंधारा, हे जमायचं नाही. तो हिरमुसला, कारण शॉट खरंच सुरेख होता.

दाखवण्यासारखं खरं म्हणजे खापर आहे. २००३ मध्ये सुनील गुप्ता आणि सहकाऱ्यांनी कामरेजला उत्खनन केलं, पुढल्या वर्षी प्राथमिक अहवाल छापून आला. तिथे सापडलेल्या टॉर्पेडो घड्यांच्या तुकड्यांनी मला वेड लावलं. हा घडा बिनकानांचा, तळाला निमुळता, आतून डांबर फासलेला, इराणच्या आखाताकडून आलेला. पूर्वी भारतात असे तुकडे मिळाले की सरसकट रोमन अँफोरा म्हणून नोंदवले जात. रोमचं नाव निघालं की सगळेच हुरळतात. कान आणि डांबर नीट पाहिल्यावर बरीचशी खापरं पश्चिम आशियाची निघाली. बोटाएवढ्या तुकड्याची आतली काळी बाजू कॅमेऱ्याला जवळून दिसते, ती अहवालातल्या शाईच्या रेखाचित्रात दिसत नाही. पण तो कुठल्या थरातून आला, हे अहवालाशिवाय कळायचं नाही. म्हणून त्याला सांगितलं, अहवाल आधी वाच, मग परवानगीचा अर्ज कर, मग कॅमेरा काढ.

मराठी निवेदनाबद्दलही आमचं वाजलं. त्याला फिल्म उधना, लिंबायतच्या मंडळांत दाखवायची आहे. दाखव. पण पहिला खेळ कामरेजला, गुजरातीत, आणि खेळानंतर जे म्हातारे बोलायला उठतील त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला दुसरा माणूस हवा. त्यासाठी सध्या तो कोणाला तरी शोधतोय. निवेदनातून जहाजं त्याने काढली. ड्रोनचा शॉट मात्र ठेवलाय, खाली बंधाऱ्याचं नाव घालून.