छुप्या कॅमेऱ्यापुढे माणुसकीची परीक्षा

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील एक बेकरी. काउंटरवरील विक्रेता हिजाब परिधान केलेल्या एका तरुणीला माल देण्यास साफ नकार देतो आणि तिच्या धर्मावरून तिचा पाणउतारा करतो. विक्रेता आणि तरुणी हे दोघेही कलाकार असून सारा प्रसंग छुप्या कॅमेऱ्यांनी टिपला जात आहे, याची दुकानातील ग्राहकांना सुतराम कल्पना नसते. काही जण संतापून विक्रेत्याला जाब विचारतात. मुलगा इराकमध्ये सैनिक म्हणून सेवा बजावून आलेला एक पिता त्यांत असतो. मोजके ग्राहक उलट विक्रेत्याचीच पाठ थोपटतात. निम्म्याहून अधिक ग्राहक मात्र चकार शब्द न काढता आपली खरेदी उरकून निघून जातात.

हा प्रसंग आहे 'एबीसी' वाहिनीच्या 'व्हॉट वुड यू डू?' अर्थात 'तुम्ही काय केले असते?' या कार्यक्रमातील. वाहिनीच्या 'प्राइमटाइम' या वृत्तमालिकेचा भाग म्हणून तो २००८ मध्ये सुरू झाला. सूत्रसंचालक होते ज्येष्ठ वार्ताहर जॉन किन्योनेस. वाद टिपेला पोहोचला की ते पडद्याआडून प्रकट होत, नाटकाचा उलगडा करीत आणि 'तुम्ही मध्ये का पडलात?' किंवा 'गप्प का राहिलात?' असा प्रश्न थेट त्या व्यक्तीलाच विचारीत. या प्रश्नातच कार्यक्रमाचे सारे मर्म होते.

विनोदाकडून प्रयोगाकडे

छुप्या कॅमेऱ्याची ही कल्पना मात्र बरीच जुनी आहे. तिचे जनक अॅलन फंट. 'कॅन्डिड मायक्रोफोन' हा त्यांचा नभोवाणी कार्यक्रम १९४७ मध्ये सुरू झाला. वर्षभरातच तो दूरचित्रवाणीवर आला आणि पुढे 'कॅन्डिड कॅमेरा' या नावाने अमेरिकेत घराघरांत पोहोचला. कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना फंट यांनी विख्यात मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून काम केले होते. कार्यक्रम विनोदी असला तरी त्यामागील निरीक्षकाची नजर तेव्हापासूनची म्हणावी लागेल.

या कार्यक्रमातील १९६२ चा लिफ्टचा प्रसंग विशेष गाजला. लिफ्टमधील सारे जण दाराकडे पाठ करून उभे राहतात. ते कार्यक्रमाचे सहकारी असतात. एकटा पडलेला अनोळखी माणूस क्षणभर गोंधळतो, घड्याळ पाहण्याचा बहाणा करतो आणि हळूहळू स्वतःही पाठ फिरवतो. बहुमतापुढे माणूस स्वतःच्या डोळ्यांवरही अविश्वास दाखवतो, हे सॉलोमन अॅश यांनी १९५१ च्या सुमारास प्रयोगशाळेत दाखवून दिले होते. रेषांची लांबी ओळखण्याच्या त्यांच्या साध्या चाचणीत सुमारे तीन-चतुर्थांश सहभागींनी किमान एकदा तरी गटाच्या चुकीच्या उत्तराला मान डोलावली. तोच निष्कर्ष फंट यांनी काही मिनिटांत, हसत-हसवत प्रेक्षकांपुढे मांडला.

फंट यांच्या कीर्तीचा एक विलक्षण अनुभव त्यांच्याच वाट्याला आला. फेब्रुवारी १९६९ मध्ये ते सहकुटुंब प्रवास करीत असलेल्या विमानाचे अपहरण झाले आणि ते क्यूबाकडे वळवण्यात आले. फंट यांना ओळखणाऱ्या काही प्रवाशांना हा 'कॅन्डिड कॅमेरा'चाच नवा खेळ वाटला आणि खऱ्याखुऱ्या संकटात ते हसत राहिले.

बघ्यांचे मानसशास्त्र

'व्हॉट वुड यू डू?'ची वैचारिक मुळे मात्र १९६४ मधील एका हत्येत सापडतात. न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोविस या तरुणीचा खून झाला. अडतीस जणांनी तो पाहिला, पण कोणीही मदतीला आले नाही, असे वृत्त 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दिले. हे वृत्त अतिरंजित होते, हे त्याच दैनिकाने २०१६ मध्ये मान्य केले. परंतु त्या बातमीने जॉन डार्ली आणि बिब लाताने या संशोधकांना कामाला लावले होते.

त्यांच्या १९६८ च्या प्रयोगात इंटरकॉमवरून एका व्यक्तीला झटका आल्याचे ऐकू येई. हे केवळ आपणच ऐकत आहोत, असे वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक मदतीसाठी धावले. आणखी चार जण ऐकत आहेत, अशी समजूत असलेल्यांत हे प्रमाण वेळेत जेमतेम ३१ टक्के भरले. माणसे निर्दय नव्हती; जबाबदारी अनेकांत वाटली गेल्यामुळे ती कोणाचीच उरली नाही.

सायकल एक, चोर तीन

कार्यक्रमाच्या २०१० मधील एका भागाने याहून अप्रिय सत्य उघडे केले. उद्यानात साखळीने बांधलेली सायकल एक तरुण हत्यारांनी सोडवीत असतो. तरुण गोरा असताना शेकडाभर लोक नजर टाकून पुढे गेले. थांबवण्याचा प्रयत्न केला तो एका जोडप्याने. त्याच जागी तशाच पोशाखातील कृष्णवर्णीय तरुण येताच काही क्षणांत गर्दी जमली आणि जाब विचारणे सुरू झाले. तिसऱ्यांदा एक सोनेरी केसांची तरुणी आली, तेव्हा पुरुषांनी चक्क तिला मदत केली. कृती एकच होती. 'चोर' कोण, हे पाहणाऱ्याच्या मनातील पूर्वग्रहाने ठरवले.

प्रयोग की तमाशा?

अशा कार्यक्रमांना शास्त्रीय प्रयोगाचा दर्जा देता येत नाही. कोणता प्रतिसाद दाखवायचा आणि कोणता कापायचा, हे संकलक ठरवतो आणि नाट्यमय प्रतिसादाला साहजिकच झुकते माप मिळते. सहभागींची पूर्वसंमती नसते, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. थट्टा अंगाशी येऊ शकते, याचेही उदाहरण आहे. अॅरिझोनातील एका विमानतळावर २००१ मध्ये 'कॅन्डिड कॅमेरा'च्या चमूने एका प्रवाशाला सामान तपासणीच्या सरकत्या पट्ट्यावर झोपायला लावले. त्यात तो जखमी झाला आणि ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल देत मोठी भरपाई मंजूर केली.

आपल्याकडे छुपा कॅमेरा रुजला तो प्रामुख्याने थट्टेच्या अंगाने. एमटीव्हीवरील मुंबईकर सायरस ब्रोचा यांचा 'बकरा' हे त्याचे ठळक उदाहरण. बघ्याच्या मनातील भीती दूर करण्याचे काम येथे कायद्याला करावे लागले. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक केली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ समाविष्ट झाले.

खऱ्या कॅमेऱ्यांची साक्ष

बघ्यांविषयीचे चित्र सर्वस्वी निराशाजनक मात्र नाही. लँकेस्टर, अॅमस्टरडॅम आणि केपटाउन येथील सीसीटीव्हीत टिपलेल्या २१९ भांडणांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे नट नव्हते आणि पटकथाही नव्हती. दहापैकी नऊ प्रसंगांत किमान एक तरी अनोळखी व्यक्ती मध्ये पडली होती आणि माणसे जितकी अधिक, तितकी कोणीतरी पुढे येण्याची शक्यताही अधिक होती.

या साऱ्या संशोधनातून हाती लागणारे सूत्र व्यवहारोपयोगी आहे. डार्ली आणि लाताने यांच्या मते मदतीपूर्वी माणूस पाच पायऱ्या चढतो: प्रसंग लक्षात येणे, तो गंभीर असल्याचे उमगणे, जबाबदारी आपली मानणे, काय करावे हे ठरवणे आणि प्रत्यक्ष कृती. बहुतेक पाय अडखळतात ते तिसऱ्या पायरीवर. म्हणूनच संकटात सापडल्यास गर्दीला उद्देशून ओरडण्यापेक्षा 'निळ्या शर्टवाले, तुम्ही पोलिसांना फोन करा' असे एकाच व्यक्तीला सांगणे अधिक परिणामकारक ठरते. जबाबदारीला चेहरा मिळाला, की ती टाळणे अवघड जाते.