मॉरिशसला गेलेले तेथेच रुजले. बीडचा ऊसतोड मजूर परत का येतो?

१/ दसरा सरला की बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील वस्त्या ओस पडू लागतात. बालाघाटच्या कोरडवाहू माळावरची कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात.

२/ उसासाठी मराठी माणसाने समुद्रही ओलांडला आहे. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये संमत झाला. पुढल्याच वर्षापासून मॉरिशसच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले. त्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती.

३/ करार संपल्यावर अनेक जण तेथेच राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे विकायला काढले, तेव्हा काही मजूर स्वतःच्या शेताचे मालक झाले.

४/ बीडच्या मजुराचा व्यवहार मुकादमाशी असतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. हंगामाआधी घेतलेली उचल ही जोडी तोडणी करून फेडते; न फिटलेली बाकी पुढल्या हंगामावर चढते. गाळप थांबले की काम संपते, आणि फडालगतची कोपीही मोडते.

५/ घर सोडायला दुष्काळ आणि कर्ज पुरेसे असते. परमुलखात रुजण्यासाठी मात्र पायाखाली स्वतःची जमीन लागते. बीडच्या कोयत्याला ती उसाच्या मुलखात कधी मिळालीच नाही.