परमुलखांतील स्नेही

मनमाडहून जालना सुमारें ११० मैल. शनिवारीं निघून सोमवारीं पुन्हां कामावर रुजू व्हावें, इतकेंच हें अंतर. तथापि १९४८ पूर्वीं मुंबई इलाख्यांतील गृहस्थ जालन्याच्या स्नेह्याकडे निघाला, म्हणजे तो परराज्यांतच निघाला असें म्हणणें यथार्थ होईल.

निजामाची हद्द लागतांच करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, अंमल सुरू होई. नाणें हाली सिक्क्याचें. इंग्रजी शंभर रुपयांस सरकारी दरानें ११६⅔ हाली रुपये पडत. दप्तराची भाषा उर्दू, सन फसली, आणि आठवड्याची सुटी शुक्रवारीं! पाहुण्याचा रविवार तो सरकारी नोकरींतील यजमानाच्या कचेरीचा दिवस.

घरांत मात्र तीच मराठी, तेच सणवार, तेंच नातेंगोतें. परकेपणा मैलांनीं ठरत नाहीं, सत्तेनें ठरतो, हें आम्हांस येथें स्पष्ट दिसतें. नाणें बदलून घेतां येई. पण ओसरीवरचें बोलणें चव्हाट्यावर नेतां येत नसे. १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ नें जाहीर सभेस सरकारी परवानगी आवश्यक केली. म्हणून १९३१ ची हैदराबाद राजकीय परिषद वऱ्हाडांत, अकोल्यास भरली. बोलण्यासाठीं यजमानासच पाहुणा व्हावें लागलें!

सप्टेंबर १९४८ मध्यें ती सत्ता पांच दिवसांत संपली. हाली सिक्का मात्र १९५९ पर्यंत रेंगाळला. आज ती सरहद्द कोठें होती हें प्रवाशास ठाऊकहि नसतें. हें विस्मरण सुखाचें खरें. पण तें सुख फुकट मिळालेलें नाहीं, एवढें तरी आपण विसरूं नये.