जुनीं वाद्यें आणि नवें संगीत

जुनीं वाद्यें बहुधा दोनच ठिकाणीं आढळतात : पदार्थसंग्रहालयाच्या कांचेच्या कपाटांत, नाहीं तर जुन्या चित्रांत. वाजविणारा हात गेला कीं वाद्याचा आवाजहि जातो. मागें राहतें तें केवळ लांकूड, पितळ आणि तुटकी तांत. अशा मूक वाद्यांना पुन्हां बोलतें करण्याची खटपट यूरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सुरू झाली. इंग्लंडांत अर्नोल्ड डोल्मेच यांनीं जुन्या पद्धतीचीं वाद्यें स्वतः घडविलीं आणि हॅझलमिअर येथें १९२५ सालीं त्यांचा उत्सव सुरू केला. परंतु या सर्व उद्योगाचा मुख्य हेतु, गतकाळचें संगीत गतकाळच्याच आवाजांत ऐकावें, एवढाच होता. वांडा लांडोव्स्का या विदुषीकरितां मान्युएल दे फाया यांनीं १९२६ सालीं हार्प्सिकॉर्डसाठीं नवी रचना केली, हें खरें. पण अशीं उदाहरणें तुरळकच. जुनें वाद्य आणि अगदीं नवें संगीत यांचें नातें किती जिव्हाळ्याचें होऊं शकतें, हें पाहावयाचें असेल तर बाल्टिक समुद्राच्या कांठीं वसलेल्या तालिन शहराकडे वळलें पाहिजे.

तालिन ही एस्टोनियाची राजधानी. सुमारें चौदा लाख वस्तीचा हा चिमुकला देश १९१८ सालीं स्वतंत्र झाला, १९४० सालीं सोव्हिएट संघानें तो आपल्यांत सामील करून घेतला, आणि मध्यंतरीचीं जर्मन अंमलाचीं तीन वर्षें सोडल्यास १९९१ पर्यंत तो त्याच सत्तेखालीं राहिला. या देशांत १९३५ सालीं आर्वो पॅर्ट यांचा जन्म झाला. हाइनो एल्लर या थोर गुरूपाशीं ते रचनाशास्त्र शिकले. १९५८ पासून १९६७ पर्यंत एस्टोनियाच्या नभोवाणीवर ध्वनिमुद्रणाचें काम करून त्यांनीं आपला चरितार्थ चालविला. सूर कोठें सुरू होतो, कसा विरतो आणि विरल्यावर काय उरतें, याकडे कान लावून बसणें हाच जणुं त्यांचा व्यवसाय होता.

तरुणपणीं पॅर्ट बंडखोर म्हणून गाजले. बाराहि स्वरांना सारखाच मान देणारी पाश्चात्त्य पद्धति त्यांनीं १९६० सालीं एस्टोनियांत प्रथम आणली व अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. पण खरा प्रसंग आला तो १९६८ सालीं. ‘क्रेडो’ या नांवाची त्यांची रचना नेएमे यार्वी यांच्या नेतृत्वाखालीं तालिनमध्यें सादर झाली. तींत ख्रिस्तावरील श्रद्धेचा उच्चार लॅटिन भाषेंत उघडपणें केलेला होता. निरीश्वरवादी राजवटीला तो मानवणें शक्य नव्हतें; ती रचना पुन्हां वाजणें जवळजवळ अशक्य झालें. मात्र बाहेरच्या बंदीहून मोठी अडचण आंतली होती. ज्या कर्कश, गुंतागुंतीच्या पद्धतींत आपण लिहीत आलों, तींत आपल्याला सांगावयाचें तें सांगतां येत नाहीं, असें पॅर्ट यांना वाटूं लागलें. पुढील आठ वर्षें ते जवळजवळ मौनांत राहिले. १९७१ सालची तिसरी सिम्फनी हा त्या काळांतील एकच मोठा अपवाद. बाकीचा वेळ त्यांनीं विद्यार्थ्यासारखा घालविला. मध्ययुगीन ग्रेगोरियन स्तोत्रगायन, पॅरिसच्या नोत्र-दाम मंदिरांतील आद्य बहुस्वरी गायन, माशो आणि जोस्कँ यांच्या रचना त्यांनीं अभ्यासिल्या. एकट्या स्वररेषा लिहून लिहून वह्याच्या वह्या भरल्या. मनुष्यानें चालावयास पुन्हां पहिल्यापासून शिकावें, तसा हा प्रकार होता.

नेमक्या याच वेळीं त्याच शहरांत दुसरी एक घटना घडली. आंद्रेस मुस्तोनेन नांवाचा, वयाचीं वीस वर्षेंहि न उलटलेला एक विद्यार्थी तालिनच्या संगीत विद्यालयांत व्हायोलिन शिकत होता. त्यानें १९७२ सालीं आपल्या सोबत्यांचें एक वादक-गायक मंडळ स्थापिलें आणि त्याला ‘हॉर्टुस म्यूझिकुस’, म्हणजे ‘संगीताचें उपवन’, असें लॅटिन नांव दिलें. मॉस्कोमध्यें आंद्रेइ व्होल्कोन्स्की यांनीं १९६५ सालीं ‘मॅड्रिगल’ हें मंडळ काढून जुन्या संगीताची वाट मोकळी केलीच होती. यामागें नुसती हौस नव्हती. ज्या राज्यांत देवाचें नांव घेऊन नवें गीत रचणें धोक्याचें, तेथें पांचशें वर्षांपूर्वींचें प्रार्थनागीत ‘इतिहास’ म्हणून गातां येत असे. इतिहासाच्या आडोशाला श्रद्धा उभी राहूं शकत होती.

मौनांत बसलेला रचनाकार आणि जुन्या वाद्यांचें हें तरुण मंडळ यांची गांठ पडणें स्वाभाविकच होतें. १९७६ च्या आरंभीं पॅर्ट यांनीं ‘फ्यूर आलिना’ ही पियानोची दोन पानी चीज लिहिली आणि त्यांचें मौन सुटलें. त्याच वर्षीं २७ ऑक्टोबर रोजीं तालिनच्या एस्टोनिया सभागृहांत त्यांच्या नव्या पद्धतीच्या रचना प्रथमच लोकांपुढें आल्या. त्या सादर करण्याचा मान हॉर्टुस म्यूझिकुसला मिळाला.

ही नवी पद्धति कोणती ? पॅर्ट यांनीं तिला लहान घंटांच्या किणकिणाटाचें लॅटिन नांव दिलें : ‘टिंटिनाब्युली’. तिचें तत्त्व आपल्या श्रोत्यांस समजावयास कठीण नाहीं. तींत दोन स्वरधारा असतात. पहिली बहुधा पायरीपायरीनें चढते आणि उतरते, मोठी उडी सहसा घेत नाहीं. दुसरी तीनच स्वरांवर वावरते. समजा, षड्ज, कोमल गांधार आणि पंचम. पहिलीचा प्रत्येक स्वर उमटतांच या तिहींपैकीं कोणता स्वर त्याच्या जोडीला यावयाचा, हें नियमानें ठरलेलें असतें. पहिली धारा भटकते. दुसरी घर सोडीत नाहीं. ‘फ्यूर आलिना’मध्यें प्रत्येक वाक्यांत एकेक सूर वाढत जातो आणि मग तसाच एकेक कमी होतो. भारावून टाकणारा नाद नाहीं, ठेक्याचा धाक नाहीं. आहे तें गणितासारखें स्वच्छ आणि प्रार्थनेसारखें सावकाश.

अशा संगीताला जुनीं वाद्यें इतकीं कां मानवलीं, याचें उत्तर त्यांच्या घडणींत आहे. क्रूमहॉर्न या आंकडीदार फुंकवाद्याची पत्ती टोपणाखालीं झांकलेली असते. वादकाचे ओठ तिला लागतच नाहींत, म्हणून आवाज हवा तसा लहानमोठा करतां येत नाहीं. रेकॉर्डर ही जुनी उभी बासरी; ती जोरानें फुंकली तर सूरच चढतो. व्हायोलच्या तांतींचा आवाज व्हायोलिनपेक्षां मंद व कोरडा. पुढील काळानें हीं वाद्यें बाजूला सारलीं तीं याच उणीवांमुळें, कारण त्या काळाला उसळणारी, फुगणारी, हुंदके देणारी भावना हवी होती. पॅर्ट यांना नेमकें तेंच नको होतें. त्यांना हवा होता सरळ उभा राहणारा सूर. एका युगानें दोष म्हणून टाकलेली वस्तु दुसऱ्या युगाला गुण म्हणून सांपडली, हें या कथेंतील सर्वांत मोठें मर्म होय.

१९७७ सालीं याच मंडळाकरितां पॅर्ट यांनीं ‘फ्रात्रेस’, म्हणजे ‘बंधु’, ही रचना केली. तींत तीन स्वरधारा आहेत. कोणत्या धारेला कोणतें वाद्य, हें रचनाकारानें बांधून दिलेलें नाहीं. खालीं षड्ज-पंचमाची जोडी आरंभापासून अखेरपर्यंत अखंड धरलेली असते आणि तेंच लहानसें सूत्र पुनःपुन्हां, दर वेळीं खालच्या पायरीवर, येत राहतें. मध्यें मध्यें आघातवाद्याचे मोजके ठोके विसाव्याची जागा करून देतात. हा षड्ज-पंचम ऐकतांना आपल्याकडील कोणाहि श्रोत्याला तंबोऱ्याची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. पॅर्ट मात्र तेथें पोंचले ते आपल्या परंपरेच्या वाटेनें.

पाश्चात्त्य टीकाकार अशा थोड्या स्वरांच्या, पुनरावृत्तीच्या संगीतास ‘मिनिमॅलिस्ट’ म्हणतात. आपण त्यास मितस्वर संगीत म्हणूं. त्याची अमेरिकन शाखा निराळी. तेथील ला माँट यंग आणि टेरी रायली यांनीं १९७० पासून किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचें शिष्यत्व पत्करिलें; मिरजेस राहिलेल्या अब्दुल करीम खांसाहेबांमुळें महाराष्ट्राला जवळचें झालेलें तेंच हें घराणें. एक शाखा तंबोऱ्यापाशीं आली, दुसरी मठांतील स्तोत्रांपाशीं. दोघींनाहि आधार सांपडला तो स्थिर स्वराचाच.

तालिनमधील हा सुयोग फार काळ टिकला नाहीं. बाबिलोनच्या नद्यांकांठीं बसून रडणाऱ्या निर्वासितांच्या स्तोत्रावर आधारलेली रचना ‘इन स्पे’ म्हणजे ‘आशेंत’ अशा आडनांवानें वाजवावी लागली. नव्वद वर्षांच्या सारेची बायबलांतील कथा ‘मोडुस’ या निरुपद्रवी नांवाखालीं झांकावी लागली. जानेवारी १९८० मध्यें पॅर्ट यांनीं पत्नी व दोन मुलांसह देश सोडला. आधीं व्हिएन्ना, मग बर्लिन. १९८४ सालीं म्यूनिकच्या ई. सी. एम. संस्थेनें त्यांच्या रचनांची ‘टाब्युला रासा’ ही ध्वनिमुद्रिका काढली आणि तालिनच्या एका सभागृहापुरता असलेला सूर जगभर गेला. पुढें इंग्लंडच्या ‘हिलिअर्ड’ गायकमंडळानें, तेंहि जुन्या संगीतांतच मुरलेलें, या रचना आपल्याशा केल्या. ‘फ्रात्रेस’ मग व्हायोलिनवर, बारा चेलोंवर, किती तरी वाद्यांवर वाजली. पॅर्ट २०१० सालीं मायदेशीं परतले. तालिनजवळ लाउलास्मा येथील पाइनच्या बनांत २०१८ सालीं त्यांच्या नांवाचें केंद्र उघडलें. हॉर्टुस म्यूझिकुसनें २०२२ सालीं आपलीं पन्नास वर्षें पुरीं केलीं.

हें संगीत फार सोपें आहे, त्यांत संघर्ष नाहीं, असा आक्षेप कांहीं पंडित घेतात. संघर्ष त्याच्या सुरांत शोधूं गेल्यास तो दिसणार नाहीं, हें खरें. पण आठ वर्षें मुकाट बसणें, मिळालेली कीर्ति बाजूस ठेवून पुन्हां मुळाक्षरें गिरवणें, आणि मग एकेक सूर जपून मांडणें, हा संघर्ष लहान म्हणतां येईल काय ? परंपरा म्हणजे कपाटांत जपून ठेवावयाची वस्तु नव्हे, आणि नवेपण म्हणजे जुन्याशीं भांडण नव्हे. ज्याला आज कांहीं सांगावयाचें आहे, अशा मनुष्याच्या हातीं पांचशें वर्षांचें वाद्यहि कालचें वाटत नाहीं.