लाँग गॉन जॉन

लाँग गॉन जॉन : अमेरिकन ध्वनिमुद्रिका-प्रकाशक, चित्रसंग्राहक आणि खेळणी-निर्माते. ‘सिम्पथी फॉर द रेकॉर्ड इंडस्ट्री’ या स्वतंत्र लेबलचे संस्थापक. लाँग गॉन जॉन हे अर्थातच टोपणनाव; पण तबकड्यांवर, चित्रकारांच्या वर्तुळात आणि त्यांच्यावरील माहितीपटातही हेच नाव चालते, म्हणून नोंदही त्याच नावाने.

लेबलची स्थापना १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीच इथे झाली. रोलिंग स्टोन्सच्या १९६८ मधील एका प्रसिद्ध गाण्याच्या शीर्षकावर बेतलेले हे नाव खोचक आहे आणि लेबलचा कारभारही बड्या कंपन्यांच्या रीतीला फारसा जुमानणारा नव्हता. मोठे कार्यालय नाही, नोकरचाकर नाहीत. निवड, छपाई, वितरण असा सगळा व्याप मुख्यतः एकाच माणसाच्या अंगावर. तरीही पुढच्या दोन दशकांत या लेबलने सातशेहून अधिक ध्वनिमुद्रिका काढल्या. त्यांत भर होता तो पंक आणि गॅरेज रॉक या प्रकारांवर : मोजकी वाद्ये, कमी खर्चाचे ध्वनिमुद्रण आणि मुद्दाम न घासलेला आवाज.

लेबल सुरू झाले तेव्हा दुकानांतून तबकड्या हटत होत्या आणि त्यांच्या जागी सीडी येत होत्या. जॉन यांचा जीव मात्र तबकडीत, विशेषतः सात इंची तबकडीत. मिनिटाला ४५ फेरे, दोन बाजूंना मिळून दोन-तीन गाणी, एवढाच तिचा आवाका. नवख्या बँडला पूर्ण अल्बमचा खर्च झेपत नाही, पण दोन गाणी एका दुपारीही ध्वनिमुद्रित करता येतात. शिवाय सात इंचांच्या चौकोनी कव्हरवर एखाद्या चित्रकाराला हात चालवायला जागा मिळते. प्रत्येक प्रकाशनाला लेबलच्या आद्याक्षरांसह अनुक्रमांक असे. एखादा क्रमांक आपल्याकडे नाही ही गोष्ट संग्राहकाला किती छळते, हे जॉन स्वानुभवाने जाणत असणार.

कोर्टनी लव्ह यांच्या ‘होल’ या बँडची पहिली सात इंची तबकडी १९९० मध्ये इथूनच निघाली. पुढे ‘द डॉनाज’ म्हणून गाजलेल्या मुलींचे ‘द इलेक्ट्रोक्यूट्स’ या आधीच्या नावाने केलेले ध्वनिमुद्रणही इथलेच. रॉकेट फ्रॉम द क्रिप्ट, डेट्रॉइट कोब्राज, व्हॉन बॉन्डीज, इंग्लंडचे चित्रकार-गायक बिली चाइल्डिश अशी नावे यादीत सापडतात. त्यांच्या शेजारी एक तबकडी काढून दिसेनासे झालेले कितीतरी बँडही आहेत. सातशेपैकी सगळेच ऐकण्याजोगे आहे असे कुणी म्हणणार नाही. पण वाजवी नफ्याचा हिशेब मांडणाऱ्या प्रकाशकाने यातल्या निम्म्या बँडना दारातूनच परत पाठवले असते.

लेबलला जगभर नाव मिळाले ते डेट्रॉइटच्या ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ या दोघांच्या बँडमुळे. या जोडीचे पहिले तीन अल्बम सिम्पथीचे : ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ (१९९९), ‘डी स्टाइल’ (२०००) आणि ‘व्हाइट ब्लड सेल्स’ (२००१). दुसऱ्याचे नाव नेदरलँड्समधील कलाचळवळीवरून घेतलेले आहे आणि तो अंशतः त्या चळवळीतील वास्तुरचनाकार खेरिट रीटफेल्ट यांना अर्पण केलेला आहे. चित्रवेड्या प्रकाशकाकडे तो यावा हा योगायोग असला तरी शोभणारा. तिसऱ्या अल्बमनंतर ब्रिटनमधील वृत्तपत्रांनी जोडीला डोक्यावर घेतले, २००२ मध्ये ‘व्ही२’ या मोठ्या कंपनीने तो अल्बम पुन्हा काढला आणि बँड सिम्पथीच्या आवाक्याबाहेर गेला. लहान लेबलांच्या वाट्याला बहुधा हेच येते : रोप लावायचे त्यांनी, सावली दुसऱ्याला.

चित्रसंग्रह : जॉन यांचा संग्रह मुख्यतः ‘लोब्राउ’ किंवा ‘पॉप सररिअ‍ॅलिझम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रांचा आहे. ही दक्षिण कॅलिफोर्नियात वाढलेली कला. कॉमिक्स, रंगवलेल्या गाड्या, गोंदण, व्यंगपट, स्वस्त कादंबऱ्यांची मुखपृष्ठे ही तिची शिदोरी आणि रॉबर्ट विल्यम्स हे तिचे आद्य चित्रकार. विल्यम्स यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये ‘जक्स्टापोझ’ हे नियतकालिक निघाले आणि या चित्रकारांना हक्काचे व्यासपीठ मिळाले. मोठी संग्रहालये त्यांना फारशी विचारत नव्हती, तेव्हा त्यांना आधार होता तो जॉन यांच्यासारख्या खासगी संग्राहकांचा. मार्क रायडन यांच्या मोठ्या डोळ्यांच्या मुली आणि मांसाचे तुकडे, जुन्या युरोपीय तैलचित्रांच्या सफाईने रंगवलेली टॉड शोर यांची कार्टून-पात्रे, कमील रोझ गार्सिया यांच्या काळवंडलेल्या परीकथा हा त्यांच्या आवडीचा मुलूख. लेबल आणि संग्रह यांच्यात भिंत नव्हती : ‘स्कार्लिंग’ या बँडच्या सिम्पथीवरील तबकडीच्या कव्हरवर रायडन यांचे चित्र आहे.

खेळणी : ‘नेसेसरीज टॉय फाउंडेशन’ या नावाने जॉन यांनी याच चित्रकारांच्या पात्रांची व्हिनाइल खेळणी काढली, रायडन यांचे ‘वायएचडब्ल्यूएच’ हे त्यांतील प्रसिद्ध. मुलांसाठी नव्हे, तर प्रौढ संग्राहकांसाठी मर्यादित संख्येत खेळणी काढण्याची लाट तेव्हा जोरात होती. हाँगकाँगमध्ये मायकल लाऊ यांनी १९९९ च्या सुमारास ती आणली आणि अमेरिकेत २००२ मध्ये ‘किडरोबॉट’ कंपनी उभी राहिली. अशी खेळणी करण्याची रीत जुनीच आहे. मूळ मूर्तीवरून मेणाची प्रत काढतात, तिच्यावर विजेच्या साहाय्याने तांब्याचा थर चढवतात आणि मेण वितळवून पोकळ साचा मिळवतात. त्यात पातळ व्हिनाइल ओतून साचा तापवला की आतल्या भिंतीला थर धरतो. तो गरम आणि मऊ असतानाच चिमट्याने अरुंद तोंडातून ओढून काढावा लागतो. गार झाला तर निघत नाही. म्हणूनच डोके, हात, पाय वेगळे ओतून मग जोडतात. तबकडी आणि हे खेळणे, दोन्ही पीव्हीसी या एकाच प्लॅस्टिकच्या घराण्यातले. एरवी एकाच्याच भिंतीवर लागणारे चित्र अशा खेळण्यांमुळे काहीशे जणांच्या कपाटात पोचले.

याच वाटेने गेलेले दुसरे नाव म्हणजे पोस्टरकार फ्रँक कोझिक (१९६२–२०२३). त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ‘मॅन्स रुइन’ हे लेबल चालवले आणि ते बंद झाल्यावर खेळण्यांत नाव काढले. फरक एवढाच, की कोझिक स्वतः चित्रे काढत. जॉन यांचे कसब निवडीचे.

जॉन यांचे घर, संग्रह आणि छंद यांवर ग्रेग गिब्ज यांनी ‘द ट्रेझर्स ऑफ लाँग गॉन जॉन’ (२००६) हा माहितीपट केला. पुढे जॉन लाँग बीच सोडून वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिया शहरी राहायला गेले. सातशे तबकड्यांच्या या पसाऱ्यात शिरू पाहणाऱ्याने सुरुवात ‘सिम्पथेटिक साउंड्स ऑफ डेट्रॉइट’ (२००१) या ‘द व्हाइट स्ट्राइप्स’च्या जॅक व्हाइट यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या संकलनापासून करावी; एका शहरातील अनेक बँड त्यात एकत्र ऐकायला मिळतात.