'परदेसी' आणि जुन्नरचा घोडा

सॉफ्ट पॉवर हा शब्द जोसेफ नाय यांनी 1990 च्या सुमारास रुळवला. त्यामुळे 1957 च्या चित्रपटाला तो लावताना जरा जपून.

चित्रपट म्हणजे 'परदेसी'. ख्वाजा अहमद अब्बास यांची 'नया संसार' आणि मॉस्कोची मोसफिल्म यांची ही सहनिर्मिती. दिग्दर्शकही दोन, अब्बास आणि वसिली प्रोनिन. काळ बघा: जून 1955 मध्ये नेहरू सोव्हिएत दौऱ्यावर, त्याच वर्षाअखेर ख्रुश्चेव्ह-बुल्गानिन भारतात. मैत्रीला इतिहास हवा होता आणि तो सापडला अफनासी निकितिनमध्ये. हा त्वेरचा व्यापारी पंधराव्या शतकात अलिबागजवळच्या चौलला उतरला, तिथून जुन्नरला आणि पुढे बिदरला गेला.

आता निकितिनची मूळ टिपणं काढून बसा. (अनुवाद चालेल, पण पूर्ण वाचा. उताऱ्यांवर भागवू नका.) जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल, मगच परत मिळेल, असं सांगितलं. खुरासानच्या एका मुसलमानाने मध्यस्थी केली म्हणून तो सुटला. शिवाय, आपल्या देशात खपेल असा माल इथे नाही, व्यापाऱ्यांनी आपल्याला फसवलं, अशी त्याची तक्रार आहेच. रशियन सणवारांचा हिशेब चुकल्याचं दुःख तर पानोपानी. नर्गिसने साकारलेली चंपा मात्र या टिपणांत कुठेच नाही.

म्हणजे एका एकाकी, धास्तावलेल्या माणसाला पाचशे वर्षांनी दोन देशांच्या दोस्तीचा दूत केलं गेलं. माझ्या मते संशोधनाचा खरा विषय हीच निवड आहे: काय घेतलं, काय नव्याने रचलं, कोणासाठी.

पण इथेच अनेकांचा प्रबंध घसरतो. 'प्रभाव पाडायचा होता' हे करारावरून, पत्रव्यवहारावरून दाखवता येतं. 'प्रभाव पडला' यासाठी प्रेक्षकांकडे जावं लागतं, आणि तिथे गैरसोयीचा पुरावा भेटतो. सोव्हिएत प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला तो 1954 मध्ये तिथे लागलेला 'आवारा'. राज कपूरचा खासगी चित्रपट, सहनिर्मिती वगैरे काही नाही. त्याची पटकथाही अब्बास यांचीच! तुमच्या आराखड्यात 'परदेसी' असेल तर शेजारी 'आवारा' ठेवा. गाइड विचारायच्या आधी.