बिनतारी यंत्राची शिदोरी

यवतमाळहून माहूरकडे जाणाऱ्या मार्गावर, अरुणावती नदीच्या कांठीं वसलेलें आर्णी हें गांव लोहमार्गावरचें नव्हे. तेथें माल जावयाचा तो सडकेनें, आणि पावसाळ्यांत नदीनाल्यांच्या मर्जीनें. आकाशवाणीच्या लहरींना मात्र सडक लागत नाहीं. १६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें केंद्र सुरू झालें आणि वऱ्हाडांतील खेड्यांवरूनही मराठी शब्द वाहूं लागला. पण तो शब्द झेलावयाचा तर यंत्राला वीज हवी, आणि ती त्या काळीं बहुतेक खेड्यांत नव्हती. लहर फुकट आली तरी वीज पेटींत बांधूनच न्यावी लागे. बिनतारी विद्येच्या इतिहासांत या पेटीचें नांव क्वचितच निघतें. तिच्यावांचून पुढचें कांहींच घडलें नसतें, ही गोष्ट निराळी.

जुन्या यंत्रांतील कांचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, मोठ्या खर्चिक. प्रत्येक नळींतील तंतु तापत ठेवण्यास थोड्या दाबाची पण भरपूर वीज लागे, आणि तिच्या पत्र्याला अगदीं थोडी पण मोठ्या दाबाची. म्हणून एका यंत्राचे दोन पोशिंदे असत. एक शिशाच्या पत्र्यांचा व गंधकाम्लाचा, सामान्यतः दोन व्होल्टचा संचायक; आणि दुसरी नव्वद व्होल्टची कोरडी माळ. कोरडा घट दीड व्होल्टचा, म्हणजे या माळेंत साठ घट एकापुढें एक जोडलेले! संचायक रिकामा झाला कीं जेथें विजेचें यंत्र असेल अशा गांवीं तो भरून आणावयाचा. आम्ल सांडून धोतरें जळावयाचीं तीं याच प्रवासांत. कोरडी माळ संपली तर ती फेकूनच द्यावी लागे. घरांत यंत्र असूनही बातम्यांपुरतेंच तें लावावें आणि गाण्याच्या वेळीं कळ फिरवून बंद करावें, ही काटकसर अरसिकपणाची नव्हती. नांव बिनतारी, आणि पाठीमागें पाहावें तर तारांचेंच जंजाळ, अशी मौज होती खरी.

हे घट तरी बिनतारीसाठीं कोठें निर्माण झाले होते? व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञानें १८०० सालीं पहिली घटमाला रचली. लक्लांशे या फ्रेंच अभियंत्यानें १८६६ सालीं जस्त व कोळसा यांचा घट तारायंत्रासाठीं पुढें आणला, आणि गास्नर या जर्मन डॉक्टरानें त्यांतील द्रवाऐवजीं लगदा घालून १८८६ च्या सुमारास तो ‘कोरडा’ केला. त्या लगद्यानेंच घट आडवा-उभा कसाही नेण्यासारखा झाला, आणि यंत्राला घरांतून बाहेर पडण्याची मुभा मिळाली.

हिंदुस्थानांत नभोवाणीचा पाया सरकारच्याही आधीं हौशी मंडळींनीं घातला. मुंबईच्या रेडिओ क्लबानें १९२३ सालींच ध्वनिक्षेपण केलें होतें. पुढें १९३९ सालीं महायुद्ध पेटतांच हौशी लोकांचे परवाने रद्द झाले. यांपैकींच एक नरिमन प्रिंटर. १९४२ च्या आंदोलनांत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं चालविलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओला त्यांचें यंत्रज्ञान उपयोगी पडलें. पोलिसांना ठाव लागूं नये म्हणून क्षेपक मुंबईंत एका बिऱ्हाडांतून दुसऱ्यांत हलवावा लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं तो पकडला गेला. ऐकण्याच्या यंत्राला थोडकी वीज पुरते, बोलण्याच्या यंत्राला मुबलक हवी; दूरवर ऐकूं जाणारा क्षेपक कोरड्या घटांवर फार काळ जगूं शकत नाहीं. हलतें यंत्र आणि टिकाऊ वीज यांचा मेळ बसविणें हीच खरी अडचण होती.

ती युद्धानें अर्धीच सोडविली. अमेरिकन सैन्याच्या हातांत मावणाऱ्या यंत्राचें वजन सुमारें पांच रत्तल. त्यांत तंतूंसाठीं दीड व्होल्टचा घट आणि पत्र्यांसाठीं १०३.५ व्होल्टची माळ. युद्ध संपल्यावर असलीं निरुपयोगी ठरलेलीं लष्करी यंत्रें मोडीच्या बाजारांत आलीं, आणि हौशी मंडळींचें नशीब उघडलें. पण यंत्र मिळे आणि त्याच्या मापाची माळ मिळत नसे. मग पोटांतील जागा रिकामी करून, मोटारीच्या सहा किंवा बारा व्होल्टच्या बॅटरीवर कंपकाच्या आणि रोहित्राच्या साहाय्यानें मोठा दाब उत्पन्न करावयाचा. कारखानदारानें ठरविलेली शिदोरी बदलण्याची ही विद्या पुस्तकापेक्षां डाग लावण्याच्या तापलेल्या इस्त्रीनेंच अधिक शिकविली.

डिसेंबर १९४७ मध्यें अमेरिकेंत ट्रान्झिस्टर जन्मला, आणि मोठ्या दाबाची गरजच संपली. नव्वद व्होल्टच्या माळेऐवजीं विजेरीचे चार घट पुरूं लागले. खेड्याच्या दृष्टीनें हा शोध नळीच्या शोधापेक्षांही मोठा म्हणावयास हरकत नाहीं.

तरी हौशी क्षेपकांची खटपट संपली नाहीं. आठ कोरड्या घटांचे बारा व्होल्ट होतात. त्यांच्या जागीं पुन्हां भरतां येणारे निकेल-कॅडमियमचे आठ बसविले तर एकेक १.२ व्होल्टचा असल्यानें ९.६ च भरतात, आणि यंत्राचा आवाज खोल जातो. म्हणून दहा घटांची जागा करावी लागते. कोरडे घालतांना उरलेल्या दोन जागीं नुसते पोकळ धातूचे ठोकळे. शिवाय कोरडा घट हळूहळू थकतो, आपण संपत असल्याचें सांगत जातो. निकेलचा शेवटपर्यंत तग धरून एकाएकीं कोसळतो. त्याच्या आंतील विरोध इतका अल्प कीं दोन टोकें चुकून भिडलीं तर तार लाल होते. म्हणून घटाच्या अगदीं तोंडाशीं फ्यूज हवाच. १९९१ पासून बाजारांत आलेल्या लिथियमच्या घटाला याहून अधिक जपावें लागतें. तीन घट पूर्ण भरले म्हणजे १२.६ व्होल्ट होतात. त्यापुढें भरले तर आगीचें भय, म्हणून रक्षक मंडल वगळून केलेली काटकसर घर जाळणारी ठरते.

या खटपटीची कसोटी लागते ती संकटांत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, जवळजवळ दहा हजार माणसें गेलीं. तेथें हौशी बिनतारीवाले धांवून गेले. २६ डिसेंबर २००४ रोजीं अंदमानांत त्सुनामी आली तेव्हां भारती प्रसाद या पोर्ट ब्लेअरमध्यें आपल्या यंत्रासह होत्या, आणि बेटांवरील माणसांची खबर मुख्यभूमीला त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या यंत्रांवरून कळूं लागली. असल्या प्रसंगीं वीजपुरवठा आधीं जातो. म्हणून अनुभवी हौशी माणूस निघण्यापूर्वीं घटाचा दाब यंत्र स्वस्थ असतां मोजीत नाहीं. बोलण्याची कळ दाबून, पूर्ण भार पडला असतां कांटा किती खालीं येतो तें पाहतो, आणि मगच पेटी गाडींत ठेवतो.